खिडकीत वाळत घातलेला पाय

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दुपारी जेवण करून जरा आडवा झालो की मला लाल उजेड दिसतो. डार्करूममधला, मिणमिणता. त्या उजेडात मी उभा असतो, हात पाण्यात असतात, आणि पाण्यात एक काळी फिल्म असते. आधी तिच्यावर काहीच नसतं. मग धुक्यातून माणूस यावा तशी बोटं वर येतात, मनगट येतं, कधी बरगड्या येतात. कोणाच्या आहेत ते मात्र कळत नाही. स्वप्नात कुठल्याच फिल्मला नावाची चिठ्ठी नसते. मी दचकून उठतो तेव्हा सौ. चहाचा कप पुढे करते आणि विचारते, "आज कोणाचा फोटो निघाला जी?"

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझ्या सगळ्या आठवणी हाडांच्या आहेत, दिवाळीच्या फराळासोबत लोकांना चालतील का? ते म्हणाले, चालतील. तेव्हा आता तक्रार त्यांच्याकडे करावी.

मी पवनी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळल्यावर त्यांनी माझ्यासारखंच गप्प राहावं.

आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. मी फोटोवाले मेश्राम भाऊ. आसगावचे एक आजोबा छातीचा फोटो काढायला आले तेव्हा खिशातून कंगवा काढून केस विंचरले, टोपी सरळ केली आणि विचारलं, "हसू का?" अड्याळची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. सुनेला खोकला होता. मी सुनेला उभं केलं, तशी म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, ह्या फोटोत मनातलं दिसते काय?" मी म्हटलं, नाही दिसत. तिचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

आता सगळं संगणकावर येतं. बटण दाबलं की हाड हजर. मी सांगतोय तो काळ त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचा. तेव्हा फिल्म डार्करूममध्ये नेऊन औषधाच्या पाण्यात धुवावी लागे आणि मग चिमट्याला टांगून वाळवावी लागे. उन्हाळ्यात अर्ध्या तासाचं काम. पावसाळ्यात आमच्या डार्करूमच्या भिंतीच पाणी सोडत, तिथं फिल्म काय वाळणार! म्हणून मी व्हरांड्याकडच्या खिडकीत नायलॉनची दोरी बांधली होती. वारा लागायचा, फिल्म वाळायची. नियमात बसत नव्हतं, पण आमच्या दवाखान्यात नियमात बसण्यासारखी जागाच कमी होती.

दुसरी एक मोकळीक मी घेत असे, तीही सांगून टाकतो. एक्स-रे काढताना अंगावर धातू ठेवायचा नाही. ताईत, कडं, बांगड्या मी काढायला लावायचो. पण पायातलं जोडवं काढायला बायका तयार नसत. नवरा जिवंत आहे ना, मग कसं काढू, असं म्हणत. पहिली काही वर्षं मी वाद घातला. नंतर सोडून दिलं. दुखणं बोटात नसलं की जोडवं राहू द्यायचो. फिल्मवर हाडाभोवती एक पांढरी गोल रेघ उमटायची, बाकी काही बिघडत नसे.

रोवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस होते. सकाळीच शेवंताबाई आली. पन्नाशीची, काटक, उजवा पाय अंमळ उचलून टाकणारी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि नवीन गावठाणात राहायला आली, त्या लोकांतली. टेबलावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, माह्या पायाचा फोटो काढा. चांगला मोठा काढा. घरी दाखवाचा आहे."

"कोणाले?"

"आमच्या घरच्यायले. ते म्हणतेत, तुह्या पायाले काहीच नाही झालं, तू ढोंग करून राहिली."

"लागलं केव्हा?"

"जुना गाव सोडला तवा. घर मोडलं, लाकडं ट्रॅक्टरवर चढवत होतो. मयाल पडली पायावर."

मयाल म्हणजे छपराचा भार घेणारं मुख्य लाकूड. दोन माणसांना उचलत नाही ते.

"पडली कशी?"

"पडली आपली," ती म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली.

तेव्हापासून दर रोवणीला पाय सुजत होता. यंदा सोबतच्या बायकांनीही तोंडावर सांगितलं होतं, शेवंता, तू लय हळू लावतं, आमची ओळ रखडते. घरी सांगायला गेली तर नवरा म्हणे ढोंग. तिला गोळी नको होती, सुई नको होती. तिचं दुखणं खरं आहे असं कोणीतरी लेखी द्यावं, आणि तेवढ्यावर ती यंदाच्या रोवणीतून सुटावी, इतकंच तिला हवं होतं. कागदापेक्षा फोटो बरा, कारण तिच्या नवऱ्याला वाचता येत नव्हतं.

पाय फिल्मच्या कॅसेटवर ठेवताना मला तिचं जोडवं दिसलं. त्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती.

"हे काय?"

"चिखलात निसटते ना. बांधीत गेलं तं मंग सापडते काय? त्यायनंच गुंडाळून देल्ली." हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.

डार्करूममध्ये मी फिल्म औषधात बुडवली. टाच आली, घोटा आला, बोटं आली, जोडवं आलं, तारेचे वेढेसुद्धा आले. आणि मधली दोन लांब हाडं आली ती वाकडी. मोडून, कोणी न बसवता, आपली आपणच कशीतरी जुळलेली. खरं सांगतो, मला आनंद झाला. आमचा धंदाच असा विचित्र आहे, माणसाचं हाड मोडलेलं दिसलं की कधी कधी बरं वाटतं. बाई खोटं बोलत नव्हती.

मी बाहेर येऊन तिला एवढंच सांगायला हवं होतं की बाई, तुमचं खरं आहे. पण निदान सांगणं डॉक्टरचं काम, टेक्निशियनचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी म्हटलं, "वाळू द्या. मग मॅडम पाहतील." आणि फिल्म खिडकीत टांगली.

तेवढ्यात फाटकातून चार गाड्या आत आल्या.

धरणाच्या पाण्यावर दोन दिवसांपासून सिनेमाचं शूटिंग चालू होतं, हे गावाला ठाऊक होतं. गाण्यात नाचायला मोठी नटी आली होती. तिचं नाव लिहीत नाही, तिनं माझं काही वाईट केलेलं नाही. ती नावेवरून घसरली होती, पाय मुरगळला होता, आणि एक्स-रेचं जवळचं मशीन आमचं होतं. पाच मिनिटांत दवाखान्यातले सगळे आजारी बरे झाले. सलाईन लावलेला एक गडी बाटली स्वतःच्या हातात धरून व्हरांड्यात येऊन उभा राहिला.

आमच्या डॉक्टर मॅडम सव्वीस वर्षांच्या, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्या धावत माझ्याकडे आल्या. "मेश्राम काका, आज कुठल्याही फिल्मवर नाव ठेवायचं नाही. एक चिठ्ठी बाहेर गेली तर आपलं काही खरं नाही."

मी आज्ञाधारक माणूस. दोरीवर एकच फिल्म होती, शेवंताबाईची. तिच्या चिमट्यातली नावाची चिठ्ठी मी माझ्या हातानं काढली आणि खिशात घातली. शेवंताबाईला शिपायानं सांगितलं, आज गर्दी आहे, उद्या या.

नटी आत आली तेव्हा मला ती पडद्यापेक्षा फार लहान वाटली. ओली, कुडकुडणारी, केसांतून पाणी गळत होतं. "अंकल, दर्द तो नहीं होगा ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, फोटोला दुखत नाही बेटा. पाय ठेवता ठेवता ती आपणहून बोलू लागली, हिंदीतच. पाण्यात तिला एका देवळाचा कळस दिसला होता. पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि त्याच्यावर एक पांढरा पक्षी बसलेला. तो नीट पाहावा म्हणून ती वाकली आणि घसरली. "कोई मान ही नहीं रहा. सब कहते हैं, चक्कर आया होगा." मी तिला म्हटलं, हलू नको. आपण त्या दिवशी सगळ्यांना हेच सांगत होतो असं आता वाटतं.

तिच्या हाडांना काहीच झालेलं नव्हतं. तिच्या मॅनेजरनं फिल्म वाळायचीही वाट पाहिली नाही. ओलीच टॉवेलात गुंडाळली आणि ते लोक मागच्या दारानं निघून गेले.

तासाभरानं चॅनलवाले आले. नागपूरहून निघालेल्या छत्र्या लावलेल्या गाड्या आमच्या बाभळीखाली उभ्या राहिल्या. मॅडम आतून कडी लावून बसल्या. मी व्हरांड्यात. एका कॅमेऱ्याची नळी माझ्या खिडकीच्या गजांना येऊन टेकली तेव्हा मला दोरीची आठवण झाली. मागून एका पत्रकार मुलीनं विचारलं, "सर, हिरोइन मॅडमचाच पाय आहे ना हा?"

आम्हाला पढवलेलं उत्तर एकच होतं. मी म्हटलं, "मले काही माहीत नाही."

सरकारी माणूस असं म्हणाला की ते हो असतं, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

त्यानंतरचे अडीच दिवस मला अजून खरे वाटत नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता. मी चहा प्यायला गेलो आणि पडद्यावर पाहिलं तर शेवंताबाईचा पाय. अख्ख्या पडद्याएवढा, निळसर, हळूहळू गोल फिरणारा, खाली संथ सतार वाजत होती. चॅनल बदललं तर तिथंही तोच. भोवती लाल वर्तुळ. मोठ्या शहरातले दोन हाडांचे डॉक्टर काठी घेऊन त्या पायासमोर उभे होते. एक म्हणाले, हे मोडणं आजचं नाही, काही वर्षांपूर्वीचं आहे, उपचार झालेला नाही. दुसरे म्हणाले, या बाईला प्रत्येक पावलाला कळ येत असणार, ती नाचली कशी हेच आश्चर्य आहे. ताबडतोब विश्रांती, पायावर भार नको, नाहीतर पाय कायमचा जाईल.

किती नेमकं बोलले ते! आमच्या तालुक्यातल्या एका बाईच्या पायासाठी देशातले नामी डॉक्टर बसले होते, आणि तिलाच पत्ता नव्हता.

मग डॉक्टर मागे पडले. हे लपवलं कोणी, यावर चर्चा सुरू झाली. जुना मित्र, निर्माता, सगळ्यांची नावं निघाली. संध्याकाळी कोणाला तरी जोडवं दिसलं. झालं! नायिकेचं गुपचूप लग्न? नवरा कोण? एका जवाहिऱ्यानं तारेकडे बोट दाखवून सांगितलं की ही कारागिरी परदेशी आहे, असं काम आपल्याकडे होत नाही. मी टपरीवर एकटाच हसलो. लोकांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. कोणाचा पाय मोडला आणि याला हसू येतंय!

मॅनेजर ओरडून सांगत होता की तिला काही झालेलं नाही. तेवढं सोडून सगळ्यावर लोकांचा विश्वास बसत होता.

मी मॅडमकडे गेलो. त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, खरं सांगायचं तर पेशंटची फिल्म खिडकीत टांगली होती हे सांगावं लागेल. तुमचीही नोकरी जाईल, माझीही." मी मान हलवली. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस मान फार सहज हलवतो. फिल्म मी पाकिटात घालून कपाटात ठेवली. त्या पाकिटावरही नाव लिहिलं नाही.

शेवंताबाई सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आली होती, हे मला मागाहून कळलं. फाटकावर पोलीस होता. आज बंद आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आली, परत तेच. मग ती तशीच रोवणीला गेली. इकडे पडद्यावर तिचा पाय गोल फिरत होता, या पायावर भार देऊ नका म्हणून तिकडे देश हळहळत होता, आणि तो पाय आमच्याच शिवारात गुडघाभर चिखलात होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं अचानक थांबलं. कुठल्याशा क्रिकेटपटूचं बोट गाडीच्या दारात चेमटलं होतं. छत्र्यांच्या गाड्या गेल्या. नटी विमानतळावर ताठ चालताना दिसली, तेव्हा तिच्या जिद्दीचं कौतुक झालं. पाय कोणाचा होता हे कोणी विचारलं नाही.

आवार मोकळं झालं, कावळे परत आले. मी खिडकीत उभा होतो. एक हडकुळा माणूस फाटकातून आत आला. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल.

"फोटोवाले तुमीच काय?"

"हो. काय काम?"

"मी डोमा. शेवंताचा मालक." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "टीव्हीवर पाय दाखवला तो कोणाचा आहे जी?"

माझ्या तोंडातून पुन्हा तेच निघणार होतं. निघालं नाही. 

"दोन दिवस मी टपरीवर बसून पाहून राहिलो," तो म्हणाला. "त्या पोट्टीचं वाईट वाटे. म्हटलं, किती सोसलं असन. घरी जाऊन शेवंतालेही सांगितलं मी, पायाचं दुखणं काय राह्यते ते पाहा म्हटलं, तू उगीच रडतं. आज सकाळी त्यायनं जोडवा मोठा करून दाखवला." त्यानं स्वतःची बोटं समोर धरली, अजून तार गुंडाळत असल्यासारखी. "मोटारीतली तार आहे ते. सात येढे देल्ले होते मी. टीव्हीवर मोजले. सात."

मी कपाट उघडलं. फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. तो आत आला, पण बराच वेळ तिच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. वाकड्या हाडांच्या जागेवर बोट नेलं, टेकवलं नाही.

"इथी?"

"हो, इथंच."

"लय दुखत असन?"

"टीव्हीवर सांगितलं ना, पावलापावलाला."

तो खाली फरशीवर बसला. बाहेर बाभळीवरून पावसाचं साचलेलं पाणी टपटपत होतं.  मग तो बोलला, फिल्मकडेच पाहत.

"मयालीचं एक टोक माह्या हातात होतं, साहेब. माहा हात ओला होता. सुटलं." त्यानं हात धोतराला पुसले. "तिनं अजून कोणालेच नाही सांगितलं. पोराईले पण नाही. मी आपला म्हणत गेलो, पायाले काही झालंच नाही. पायाले झालं नाही तं माह्या हातून झालं नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी स्वतः तीन दिवस काय करत होतो? चिठ्ठी अजून माझ्या खिशात होती.

"याच्यावर नाव काहून नाही?" त्यानं विचारलं.

मी पांढऱ्या शाईचं पेन घेतलं. फिल्मच्या कोपऱ्यात लिहिलं, शेवंता डोमा. गाव कोणतं, म्हणून विचारलं. त्यानं जुन्या गावाचं नाव सांगितलं, जे आता कुठल्या पाटीवर नाही. मी तेच लिहिलं. मॅडमना बोलावलं. त्यांनी एका शब्दानं न विचारता नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली.

चॅनलला मी कधी कळवलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय. ज्यांनी त्या पायासाठी तेव्हा उपास धरले असतील, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. उपास योग्य पायालाच लागला.

आठवड्यानंतर नागपूरची तारीख सांगायला मी सायकलनं त्यांच्या गावठाणाकडे निघालो. ऊन-सावलीची दुपार. भाताच्या बांध्यांमध्ये पाणी, पाण्यात ढग, आणि ढगांतून वाकलेल्या बायकांची ओळ मागे मागे सरकत होती. आमच्याकडे नांगर पुरुषाचा आणि रोवणी बाईची, हे ठरलेलं. त्या ओळीत मधोमध एक धोतर होतं. डोमा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, तो आपला मुकाट्यानं रोपं लावत मागे सरकत होता.

शेवंताबाई धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर बसली होती. उजवा पाय पोत्याच्या घडीवर, कोरडा. मी तारीख सांगितली. तिनं ती दोनदा म्हणून पाठ केली. मग विचारलं, "भाऊ, ते सिनेमातली पोट्टी बरी आहे काय?"

"बरी आहे. तिला काही झालंच नव्हतं."

"पडली कशी म्हणे?"

मी तिला कळसाचं सांगितलं. वीतभर पाण्यावर आलेला, वर पांढरा पक्षी. शेवंताबाई धरणाच्या दिशेला पाहू लागली. तिथून पाणी दिसत नाही, नुसता आभाळाचा उजळलेला पट्टा दिसतो.

"आमचाच देऊळ आहे तो," ती म्हणाली. "त्याच्या मांगं आमचं घर होतं. खोटं नाही बोलली पोट्टी."

 वाऱ्यानं बांधीतलं पाणी हललं, ढग हलले. मग तिनं एकदम ओळीकडे पाहिलं आणि हात वर करून ओरडली, "ओ जी, सरळ लावा ना! टीव्हीवाले आले तं वाकडी ओळ दाखवतीन!"

सगळी ओळ हसली. डोमानं मान वर केली नाही. त्यानं वाकडी गेलेली चार रोपं उपटली आणि पुन्हा लावली.